दुपारी उठणारा वारा

आमच्या देशाला समुद्र नाही.
आहे ते ब्रनोचं धरण,
या काठावर कुत्रं भुंकलं
तर त्या काठावरचं उत्तर देतं, एवढंसं पाणी.
तिथं दोन उन्हाळे आम्ही शिडात वारा धरायला शिकलो.
परवाना मिळाला. फोटोत व्लास्तिमिल असा उभा आहे
जणू वादळातूनच परतलाय.

जानेवारी. खिडकीच्या कडेला घट्ट झालेला बर्फ.
टेबलावर त्याच्या वडिलांचा शाळेतला नकाशासंग्रह.
त्यांना बाहेर जायची परवानगी एकदाच मिळाली,
बल्गेरियाला, कारखान्याच्या सहलीबरोबर.
म्हणून काळ्या समुद्राचं पान तेवढं मळलेलं,
बाकीचे समुद्र कोरे करकरीत.

व्लास्तिमिलचं बोट थेट ग्रेनेडिन्सवर.
जायचं तर असं जायचं, म्हणतो.
मी विमानाचं भाडं सांगते,
पाण्याखाली हातभर दबा धरलेले प्रवाळ सांगते.
पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, तो म्हणतो.
म्हण खरी आहे, मी म्हणते,
पण बोट भाड्याची आहे आणि अनामत आपली.

मग क्रोएशिया.
तिकडे तर आमची अख्खी गल्ली जाते,
माझी बहीण दर वर्षी डबेच्या डबे तळलेलं मांस घेऊन.
तिथला बोरा डोंगरावरून न विचारता उतरतो,
हेही तिनंच सांगितलेलं, जरा अभिमानानं,
घरच्या कडक सासऱ्याबद्दल सांगावं तसं.

मग पांढरी घरं, निळी दारं,
दातांच्या डॉक्टरकडच्या कॅलेंडरवर असतात ती बेटं.
जुलैत तिथं मेलतेमी सुटतो
आणि चार-चार दिवस बोटी धक्क्याला बांधून ठेवतो.

क्रिश्तोफ नऊ वर्षांचा,
ट्रामच्या वळणावरसुद्धा पोट धरणारा.
माझ्या पाकिटातून त्यानं नाताळच्या माशाचा खवला काढला
(वर्षभर पैसा टिकावा म्हणून ठेवतात; टिकत नाही)
आणि नकाशावर ठेवून फुंकर मारली.
खवला इटलीवर चढला.
"बुडालो," तो आनंदानं म्हणाला.

शेवटी मी लेफ्कादाला फोन लावला.
पलीकडे थेओफानिस, मागे कुणीतरी लाकूड घासत होतं.
त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच पांगळं,
म्हणून आम्हाला एकमेकांचं सगळं समजत गेलं.
किती वर्षं शीड हाकता, हे त्यानं विचारलंच नाही.
विचारलं, कंटाळलात तर कुठं थांबाल?
मुलगा रडला तर?
मी गप्प.
मग तो बेटांची नावं घेऊ लागला, मेगानिसी, कालामोस, कास्तोस,
शेजाऱ्यांची नावं घ्यावीत तशी,
अमक्याकडून तमक्याकडे दोन तास,
मध्ये एक खाडी, तिथं नांगर टाका,
वर टपरीत माझी चुलती मासे भाजते, तिच्याशी वाद घालू नका.
आणि वारा?
वारा इथं दुपारी उठतो, म्हणाला,
जेवणाच्या वेळेला झोपतो. माझ्या बापासारखा.

मी फोनवर हात ठेवून व्लास्तिमिलला सांगितलं.
तो बराच वेळ त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिला.
दोन तास म्हणजे नकाशावर नखभरही नाही.
"एवढंच?" तो म्हणाला.
मग वडिलांच्या पेन्सिलीनं,
अगदी हलक्या हातानं, खोडता येईल अशी
एक रेघ ओढली.

आगाऊ रक्कम रात्रीच भरली.
सूप गार झालं होतं, ते तसंच प्यायलो.

पहाटे पाणी प्यायला उठले तर
स्वयंपाकघरातली खुर्ची टेबलाच्या पायाला बांधलेली.
बोलाइनची गाठ, दोरी कपडे वाळत घालायची.
चाचपून पाहिली, पक्की होती.
न सोडता, वळसा घालून
मी नळापाशी गेले.